गेल्या आणि आल्या

४ फेब्रुवारी

ती. आत्या,
नमस्कार.

चूक माझीच होती. काल दुपारी ते पक्कं झालं. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीला ती दोन आठवड्यांपूर्वीच सापडली होती, पण मी तिला तीनदा परत पाठवलं. शेवटी आमच्या संगणक केंद्रातल्या बाईंनी माझं जुनं मॉडेल माझ्या मदतीशिवाय चालवलं आणि कागदावर लिहून दिलं : "तळ्यातून पूर्वेकडे निघालेली एकही कासवी या मॉडेलमध्ये रस्त्यावर पाऊल ठेवत नाही." खाली सही आणि तारीख. त्याची प्रत सोबत जोडतो आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी सुनावणीत तू उठून म्हणाली होतीस, "रस्ता ओलांडून गेलेल्या सगळ्या परत येत नाहीत." माझ्या मॉडेलमध्ये सगळ्या येत होत्या. त्याच्या जोरावर मी लिहून दिलं की डांबरी रस्ता झाला तरी तळ्यातल्या कासवांना धोका नाही. रस्ता झाला. तू माझ्याशी बोलणं सोडलंस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

नेमकं काय चुकलं ते तुला समजेल असं सांगतो. समजेल म्हणजे, ते तुला माझ्याआधी समजलेलं आहे. मॉडेल म्हणजे संगणकात मांडलेलं खोटं तळं. चौकटींचा कागद, मधे पाणी, पूर्वेच्या कडेला रस्ता. त्यावर दोनशे दहा खोट्या माद्या सोडायच्या आणि वीस वर्षांत त्यांचं काय होतं ते बघायचं. पण कागदाला कडा असतात. फिरता फिरता कासवी कडेला पोचली की तिचं काय करायचं, हा प्रश्न येतो. त्यावर आमच्या धंद्यात एक सोपी पळवाट आहे : कागदाची नळी करायची, डावी कड उजवीला जोडून टाकायची. पूर्वेकडून बाहेर पडलेली पश्चिमेकडून आत येते. पहिल्या वर्षी, रस्ता मांडायच्या आधी, मी तसं केलं. तात्पुरतं. मग पूर्वेला कागदाची एक पट्टी वाढवून तिच्यावर रस्ता मांडला, मोटारी सोडल्या, आणि जुन्या कडा सोडवायच्या विसरलो. रस्त्यापलीकडच्या वाळूकडे अंडी घालायला निघालेली कासवी रस्त्यावर पोचायच्या आधीच कागदाबाहेर पडायची आणि दुसऱ्या बाजूने सुखरूप पाण्यात उतरायची. मोटारी रिकाम्या रस्त्यावर धावत राहिल्या.

मुलगी पहिल्यांदा आली ती असं विचारत : "सर, ही एकशे सतरा नंबरची वीस वर्षांत चाळीस वेळा पलीकडे जाते आणि रस्त्यावर एकदाही दिसत नाही. उडते का?"

मी म्हणालो, "मॉडेलमध्ये बारकावे असतात."

ती म्हणाली, "पंखसुद्धा असतात का?"

आम्ही तिला शंकेखोर म्हणतो. तुला आवडेल ती.

मी तुझी माफी मागतो. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. गुडघे कसे आहेत?

तुझा,
बारक्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्या,

उत्तर आलं नाही, ते ठीकच आहे. मी मात्र लिहायला बसलो की थांबत नाही.

गेल्या महिन्यात मला चोपन्न पूर्ण झाली. विभागातल्या लोकांनी एक छोटा समारंभ केला. मी या कामात कसा आलो यावर बोला म्हणाले. मी नेहमीची गोष्ट सांगितली : कॉलेजात गणित चांगलं होतं, एका पुस्तकात लोकसंख्येची समीकरणं वाचली, वगैरे. तीस वर्षं मी हीच गोष्ट सांगतो आहे. माझ्या सरांनाही पहिल्या दिवशी हीच सांगितली. त्यांनी विचारलं होतं, "एकेका प्राण्याला वेगळं चालवायचं हे डोक्यात कुठून आलं? सगळे जण सरासरी काढतात." मी म्हणालो, "वाचनातून."

ते वाचनातून आलं नव्हतं. ते तुझ्या बंधाऱ्यावरच्या क्वार्टरमधून आलं होतं.

सुट्टीत मी तुझ्याकडे असायचो. सकाळ-संध्याकाळ तू तळ्याच्या मोजपट्टीवरची पाण्याची पातळी बघून खात्याला कळवायचीस, आणि मधल्या वेळात आपण खडूने फरशीवर तळं काढायचो. एकेक खडा म्हणजे एकेक कासवी. खड्यांना तू तळ्यातल्या खऱ्या माद्यांची नावंही दिली होतीस. लंगडी, ठेंगणी, आणि एक कायम उशिरा पोचणारी, तिचं नाव टपालखातं. फासा टाकायचा. एक पडला तर कुत्र्याने नेली, सहा पडला तर अंडी उबली, चार पिल्लं. दुपारभर खेळून शेवटी किती उरल्या ते मोजायचं आणि उद्या परत नव्याने. मी पुढे मोठ्या संगणकावर जे केलं ते हेच. फासा जरा महाग झाला.

तो खेळ आठवताना परवा मी हातातला चहा खाली ठेवला. तुझा एक नियम होता : खडा रेघेबाहेर गेला की गेला, परत ठेवायचा नाही. एकदा माझी लंगडी रेघेबाहेर गेली आणि मी भोकाड पसरलं. तू वैतागून म्हणालीस, "बरं, ठेव तिला पलीकडून आत. पण ही फसवणूक आहे, लक्षात ठेव."

मी ठेवलं नाही लक्षात.

कासवांच्या पाठीच्या कडेला कानशीने खाच पाडून नंबर द्यायला तूच शिकवलंस. नखं कापण्यासारखं आहे, दुखत नाही, पण हात थरथरला तर तिला भीती वाटते, म्हणायचीस. येणाऱ्या-जाणाऱ्यांची गफलत होऊ नये म्हणून डाव्या खिशात गेलेल्यांचे खडे, उजव्या खिशात आलेल्यांचे. आजही मी शिबिरात मुलांना दोन खिशांचे शर्ट घालून यायला सांगतो. ही माझी पद्धत आहे असं त्यांना वाटतं. मी दुरुस्त केलेलं नाही.

त्या तळ्यावरचा शोधनिबंध छापून आला म्हणून मला ही नोकरी मिळाली, आत्या. घर, माणसं, सगळं त्याच्या मागून आलं. बाबा गेले तेव्हा तू आलीस, स्वयंपाकघर चार दिवस ओढलंस, सगळ्यांशी बोललीस, आणि माझ्या हातात फक्त किल्ल्या देऊन निघून गेलीस. तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.

तुझा,
बारक्या

ता. क. बंधाऱ्यावरच्या रस्त्याचं काहीतरी पुन्हा निघालं आहे असं ऐकतो. तुझ्या मोजणीच्या वह्या अजून आहेत ना? सहज विचारलं.


२२ फेब्रुवारी

बारक्या,

दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं दोनदा वाचलं, कारण शेवटी 'सहज' आहे. लहानपणी डब्यातलं काही हवं असलं की तू 'सहज आलो' म्हणत आत यायचास आणि डब्याकडे पाठ करून उभा राहायचास. चोपन्न वर्षांचा झालास, पाठ तीच आहे.

खेळाचं लिहिलंस ते बरोबर आहे. म्हणजे एकोणीस वर्षांनी चूक फिरून माझ्याच पदरात आली म्हणायची. रडक्या पोराला एकदा सूट दिली तर असा रस्ता होतो.

सोबत एक कार्ड पाठवते. अक्षर ओळखशील. ते परत पाठव, माझ्याकडे दुसरं नाही.

तुला लागत नव्हत्या तरी मी आलेल्या मोजत राहिले. तू नको म्हणालास म्हणून त्यांनी यायचं थोडंच सोडलं होतं? आणि ज्या येत नव्हत्या त्या कशा कळणार?

राग मला आकड्यांचा नव्हता. माणूस चुकतो, मीही दोनदा पातळी चुकीची कळवली होती आणि साहेबाने फाडून खाल्लं होतं. पण त्या दिवशी सभागृहात मी शेजारच्या बाईला आधीच सांगून बसले होते, तो बोलतोय ना, तो माझा भाचा. मग अधिकाऱ्याने विचारलं, या बाईंच्या नोंदींचं काय, आणि तू म्हणालास, "सदर निरीक्षकांची तळमळ मोठी आहे, पण तिला पुरावा म्हणता येणार नाही." शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीत चष्मा शोधायला लागले. चष्मा नाकावरच होता.

काय हवंय ते सरळ दोन ओळीत लिही. गुडघे आहेत तसे आहेत.

आत्या


२७ फेब्रुवारी

ती. आत्या,

दोन ओळी : रस्ता दुप्पट रुंद करायचा आहे, २६ मार्चला सुनावणी आहे, आणि बांधकाम खात्याने कागदपत्रांत माझाच जुना अहवाल जोडला आहे. मॉडेल दुरुस्त केलं तरी शंभर जाणाऱ्यांपैकी किती परतत नाहीत हा एक आकडा मला कुठूनही मिळत नाही, तो फक्त तुझ्या वह्यांत आहे.

पहिल्याच पत्रात हे लिहायला हवं होतं. मला भीती होती की माफी मागतोय ती वह्यांसाठी, असं तुला वाटेल. न लिहिल्यामुळे अगदी तसंच वाटलं असणार.

कार्ड बघितलं. माझंच अक्षर, तेव्हा जरा बरं होतं. "आत्या, यंदापासून फक्त जाणाऱ्या मोजून कळव. परतणाऱ्यांची गरज नाही, तेवढं मॉडेल बघून घेतं. उगाच उन्हात दुप्पट वेळ बसू नकोस." मला आठवतं, हे लिहिताना मी तुझी काळजी घेतोय असं मला वाटत होतं. कार्ड परत पाठवतो आहे, जाड पाकिटात.

आणि सदर निरीक्षक. त्यावर माझ्याकडे सबब नाही. मी पस्तीस वर्षांचा होतो, समोर मोठे लोक होते. पुरावा आत्याने गोळा केलाय असं कळलं तर ते हसतील अशी धास्ती होती. म्हणून तुझ्या नोंदी घेतल्या आणि नातं लपवलं. तुझा आक्षेप आला तेव्हा नोंदीही लपवल्या. शेजारच्या बाईचं मला माहीत नव्हतं. ते कळल्यापासून त्या चष्म्याचंच डोक्यात आहे.

वह्या दिल्या नाहीस तरी मी २६ तारखेला उभा राहून चूक झाली म्हणणार आहे, ते ठरलं आहे. शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र नियतकालिकाला गेलं. आमचे संचालक म्हणाले, "चूक कशाला म्हणता? सुधारित आवृत्ती म्हणा. चूक शब्द फार बोचतो."

मी म्हणालो, "बोचायला एकोणीस वर्षं लागली, आता बोचू द्या."

पण नुसतं चूक म्हणून भागणार नाही. खात्याचा वकील विचारेल, मग खरा आकडा सांगा. तो नसेल तर जुना अहवाल बाजूला पडेल आणि त्या जागी काहीच येणार नाही. काहीच नसलं की रस्ता होतो. रस्त्याखालून बोगदे आणि कडेने बुटकी भिंत, एवढीच मागणी करायची आहे. एवढं झालं तर कासव्या खालून जातील-येतील.

देणं न देणं तुझ्या हातात आहे. एकोणीस उन्हाळे तू रस्त्याकडेच्या त्या दगडावर मोजत बसलीस, मी पंख्याखाली होतो.

तुझा,
बारक्या


१३ मार्च

ती. आत्या,

वह्या मिळाल्या. तुमच्याकडच्या बसचा ड्रायव्हर स्वतः प्रयोगशाळेच्या दारात पत्र्याची पेटी घेऊन आला. म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, सामान म्हणून टपावर टाकायची नाही, माणूस म्हणून सीटवर बसवायची." पेटी खिडकीशी बसून आली म्हणे. वर तुझी चिठ्ठी : "वाचून झाल्यावर आणून दे. टपालाने नको, माणसाबरोबरही नको." कळलं मला.

शंकेखोर, मी आणि संगणक केंद्रातल्या बाई, तिघं आठ दिवस वह्या उतरवून घेत होतो. एका पानावर दोन रकाने, गेल्या आणि आल्या, आणि कडेला तुझे शेरे. शंकेखोर शेरे मोठ्याने वाचते. "आज ट्रकवाल्याने थांबून हातात उचलून पलीकडे ठेवली. उलट्या दिशेला ठेवली. तरी भला माणूस." "ठेंगणी परत आली नाही. तीन दिवस वाट बघितली." "पाऊस. मी आणि टपालखातं दोघीच बाहेर." परवा ती वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "सर, या बाईंना पीएचडी कोणी का दिली नाही?" मी म्हणालो, "त्यांचा एकमेव विद्यार्थी नापास झाला."

दर शंभर खेपांमागे तीन. हा तुझा आकडा. कडा सोडवल्या, हा आकडा घातला, आणि मॉडेल पहिल्यापासून चालवलं. दोनशे दहा माद्यांपासून सुरू होऊन ते आजच्या तारखेला अडुसष्टवर येऊन थांबलं. मग आम्ही तुझी शेवटची वही उघडली. मुद्दाम बाजूला ठेवली होती, आधी बघायची नाही असं ठरवून. गेल्या हंगामात खाचा वाचून तू मोजलेल्या माद्या : पासष्ट.

शंकेखोरने दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. मग केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "तीनचा फरक आहे," आणि चष्मा पुसायला लागल्या.

त्यानंतर मी एकटा बसून सगळ्यात जुनी वही पुन्हा बघितली. सुनावणीच्या दिवसाचं पान शोधत होतो. त्या दिवशी तू सभागृहातून दुपारच्या बसने परत गेली असणार, आणि तरी दगडावर जाऊन बसली होतीस. त्या दिवशी लिहिलं आहेस : "११ एप्रिल. सकाळचं मोजणं चुकलं, सुनावणी. दुपारनंतर गेल्या ९, आल्या ९. बारक्या छान बोलला. चुकीचं बोलला, पण छान."

आत्या, माझ्या कामाबद्दल आजवर बरंच लिहून आलं. पण तुझं हे एवढं वाक्य मला आधी मिळालं असतं तर कडा लवकर सापडल्या असत्या. पण ते वाक्य तुझ्याकडे होतं आणि मीच तुझ्याकडे येत नव्हतो.

आभार हा शब्द मी दर भाषणाच्या शेवटी वापरतो. इथे तो कमी पडतो, तरी लिहितो. आभारी आहे.

तुझा,
बारक्या


२७ मार्च

ती. आत्या,

काल सुनावणी झाली. तू येणार नाहीस असं कळवलं होतंस, गुडघ्यांमुळे. मी तरी पहिल्या रांगेतली एक खुर्ची पेटीसाठी धरून ठेवली होती. सीटवरून आलेली पेटी, खाली कशी ठेवणार?

मी आधी चूक सांगितली. कागदाची नळी करून दाखवली, कडा जोडून. अधिकारी जरा तरुण आहे, त्याने नळी हातात घेतली आणि आतून डोळा लावून बघितलं. म्हणाला, "म्हणजे एकोणीस वर्षं आम्ही या नळीवर रस्ता चालवला?" मी हो म्हणालो.

मग खात्याचा वकील उठला. अपेक्षेप्रमाणे विचारलं, "नवे आकडे कोणी गोळा केले? कुठल्या संस्थेने?"

मी म्हणालो, "माझ्या आत्याने. तळ्याच्या पातळीच्या नोंदी ठेवणाऱ्या होत्या, आता निवृत्त आहेत. मला मोजायला त्यांनीच शिकवलं. मागच्या सुनावणीत त्या याच सभागृहात होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. तेव्हा मी त्यांना ओळख दाखवली नाही."

वकील म्हणाला, "नात्यातल्या माणसाचे आकडे आहेत, हे नोंदवून घ्यावं."

अधिकारी म्हणाला, "नोंदवून घेतो. हेही नोंदवून घेतो की नात्यातल्या माणसाचे आकडे नात्यातल्या माणसाच्या विरोधात गेलेत." मागे कोणीतरी हसलं. हसतील ही भीती मी एकोणीस वर्षं बाळगली होती. हसले, आणि काही झालं नाही.

निकाल लगेच नाही. अधिकाऱ्याने वह्या चाळल्या, दोन रकान्यांवर बराच वेळ बोट ठेवलं, आणि म्हणाला की तो स्वतः एक दिवस मोजून बघणार. ९ एप्रिलला तो खात्याचा इंजिनिअर आणि वकील यांना घेऊन बंधाऱ्यावर येतो आहे. तोवर रुंदीकरणाच्या कामाला हात लावायचा नाही, असा तोंडी आदेश दिला, लेखी परवा मिळेल. बोगदे आणि भिंतीबद्दल तो एप्रिलअखेर निर्णय देईल. वाऱ्याची दिशा बरी वाटते, पण त्यावर विसंबून राहू नये हे मी शिकलो आहे.

मी ८ तारखेला संध्याकाळच्या बसने पोचेन. पेटी माझ्या शेजारच्या सीटवर असेल. शंकेखोरही येते आहे. तिला टपालखातं बघायची आहे, आणि त्याहून जास्त तू. तिच्यासमोर माझ्या लहानपणाचं फार सांगू नकोस, पण तू सांगणारच.

तीनचा फरक कशाचा, असं तू विचारलंस. मला वाटतं त्या तीन कुत्र्याने नेल्या असतील. फाशावर एक पडला की न्यायच्या, तो नियम मी मॉडेलमधून काढून टाकला होता, बालिश वाटला म्हणून. परत घातला आहे.

ऊन असलं तर पहिली मादी नऊच्या सुमारास पाण्याबाहेर येते, असं तुझ्या सगळ्या वह्यांत आहे. साहेब लोक साडेआठला येणार आहेत. मी सातला दगडावर असेन, दोन खिशांचा शर्ट घालून. खडे तू तुझ्याकडचे आण. गेलेल्या मी मोजतो, आलेल्या तू मोज, आणि शेवटची परत येईपर्यंत कोणालाही उठू द्यायचं नाही. वकिलालाही नाही.

तुझा भाचा,
बारक्या